नावांची मूळ वही आणि तिच्या प्रती

म्हैसूरच्या पश्चिम अंगास, मानसगंगोत्रीच्या पलीकडे बोगादी ही वस्ती आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शासनाने शहराचे इंग्रजी लेखनातील 'मायसोर' हे नाव बदलून 'मैसूरु' केले. तेथील विद्यापीठाने मात्र इंग्रजीत जुनेच नाव ठेवले. पत्रावर यांपैकी कोणतेही नाव असो, टपालवाला ते बोगादीस बिनचूक पोचवितो. संगणकास अशी समज नाही. नोंदीत जे लिहिले असेल तेवढेच तो जाणतो.

बोगादीतील विद्यार्थ्याने संगणकावर एखाद्या संस्थेचे नाव लिहिले की प्रथम त्या नावाचा अंकमय पत्ता शोधावा लागतो. हे कार्य करणारी 'डीएनएस' ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. तीत संस्थेच्या नावांचे एक क्षेत्र असते. त्यास 'झोन' म्हणतात. त्यात नोंदी असतात: या नावाचा पत्ता अमुक, ईमेल तमुक यंत्राकडे द्यावी, हे उत्तर इतके सेकंद स्मरणात ठेवावे. २०१४ पासून '.भारत' ने संपणारी देवनागरी नावेही घेता येतात.

नोंदी थोड्या असल्यास हाताने लिहाव्यात. शेकडो झाल्या आणि दोन-तीन कंपन्यांच्या सर्व्हरांवर ठेवावयाच्या झाल्या की प्रतींत तफावत पडू लागते. एकाच कंपनीवर विसंबावे, तर तेही धोक्याचे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या अमेरिकन कंपनीच्या नामसेवेवर हल्ला झाला, तेव्हा ट्विटर, गिटहब यांसारखी स्थळे अनेकांस उघडेनात. त्या स्थळांची स्वतःची यंत्रे धडधाकट होती. पत्ता सांगणारा तेवढा मूक झाला होता.

२०१७ साली गिटहबने 'ऑक्टोडीएनएस' ही आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. तीत सर्व नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत लिहावयाच्या. तीच मूळ वही. आज्ञावली ही वही आणि प्रत्येक कंपनीकडील प्रत ताडून पाहते व कोणत्या नोंदी वाढवाव्या, बदलाव्या, पुसाव्या याची यादी दाखविते. स्पष्ट हुकूम दिल्यावाचून ती काहीही लिहीत नाही. आपल्याकडे फेरफार मंजूर होण्यापूर्वी चावडीवर नोटीस लागते, तसाच हा प्रकार. मात्र सर्व्हरावर कोणी परभारे केलेली दुरुस्ती पुढील फेरीत पुसली जाते. अपरात्री अडचणीत ती करणाऱ्यास याचा राग येतो. पण त्याने ती वहीत लिहावयास हवी होती.

यंत्र चूकही तितक्याच तत्परतेने पसरविते. झोनच्या फाइलीत नावाच्या शेवटी टिंब नसेल तर त्यापुढे झोनचे नाव आपोआप जोडले जाते. १२ ऑक्टोबर २००९ रोजी एका सदोष आज्ञावलीने स्वीडनच्या '.एसई' झोनमध्ये हे टिंब गाळले आणि सुमारे नऊ लक्ष नावांचे पत्ते चुकले. मूळ दोष लवकर सुधारला, परंतु चुकीची उत्तरे ठिकठिकाणच्या सर्व्हरांच्या स्मरणात राहिली होती. ऑक्टोडीएनएस येथे सावध आहे: झोनमध्ये किमान दहा नोंदी असून त्यांतील तीस टक्क्यांहून अधिक बदलावयाच्या वा पुसावयाच्या ठरल्या, तर ती थांबते व माणसाचा निराळा हुकूम मागते.

स्मरणाची मुदत मात्र ज्याची त्यानेच सांभाळावयाची. पत्ता बदलावयाचा असेल तर ती मुदत आधी ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणावी, पुरता एक दिवस जाऊ द्यावा, आणि मगच नवा पत्ता वहीत लिहावा.