पाणीपट्टी, नगरपरिषदांची
नगरपरिषदेने नळाद्वारे पुरविलेल्या पाण्याबद्दलची आकारणी. महाराष्ट्रातील लहान शहरांत १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमान्वये तिचे दर परिषदेच्या सभेत ठरावाने निश्चित होतात. जलशुद्धीकरण केंद्र, उंच टाक्या इत्यादींचा भांडवली खर्च मुख्यतः शासकीय अनुदान व कर्ज यांतून भागतो. पंपांची वीज, तुरटी, क्लोरीन व दुरुस्ती यांचा भार मात्र परिषदेवरच पडतो. ठोक पट्टीमुळे वापर वाढला, तरी उत्पन्न तेवढेच राहते आणि निवडून आलेले सदस्य दरवाढ सहसा टाळतात. ही तूट अखेर दिवसाआड पाण्याच्या रूपाने नागरिकांच्याच वाट्यास येते. साठवणाची सोय नसलेल्या घरांना ती अधिक जाचते. कराडनजीकच्या मलकापूर येथे (सातारा जिल्हा) जलमापके बसवून व वापरानुसार चढते दर लावून चोवीस तास पुरवठा करण्यात आला.