लोलकातून प्रतिमा तयार होते का? सात रंगांच्या पलीकडची गोष्ट!

शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ पाठ करताना विज्ञानाच्या पुस्तकातला तो काचेचा त्रिकोणी ठोकळा प्रत्येकाने पाहिलेला असतो. एका बाजूने पांढरा किरण आत, दुसऱ्या बाजूने सात रंग बाहेर. आकृती काढली, मार्क मिळाले, विषय संपला! पण हाच लोलक, म्हणजे प्रिझम, भिंगासारखी प्रतिमा तयार करू शकतो का?

आधी प्रकाश वळतो कसा ते पाहू.

हवेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो, साध्या काचेत तो सुमारे २ लाखांवर येतो. त्यामुळे काचेत तिरका शिरणारा किरण दिशा बदलतो. यालाच अपवर्तन म्हणतात. खिडकीच्या काचेचे दोन्ही पृष्ठभाग समांतर असतात, म्हणून आत शिरताना आलेलं वळण बाहेर पडताना भरून निघतं. लोलकाचे पृष्ठभाग एकमेकांशी कोन करतात. त्यामुळे दोन्ही वेळा किरण एकाच बाजूला, जाड तळाकडे वळतो. ६० अंशांच्या साध्या काचेच्या लोलकात हे वळण किमान ३७ अंशांचं असतं. जांभळा रंग सर्वात जास्त वळतो, तांबडा सर्वात कमी.

आता प्रतिमेचं बघू.

भिंगाचा पृष्ठभाग गोलसर असतो. त्यामुळे वेगवेगळ्या जागी पडलेले किरण कमी-जास्त वळून एका बिंदूत एकत्र येतात आणि पडद्यावर चित्र उमटतं. लोलकाचे पृष्ठभाग मात्र सपाट असतात. एका रंगाचे समांतर किरण आत गेले तर बाहेरही समांतरच येतात. ते एकत्र येत नाहीत, म्हणून लोलकासमोर कागद धरला तरी झाडाचं चित्र त्यावर उमटत नाही.

पण लोलकातून डोळ्याने पाहिलं, तर झाड दिसतं! फक्त ते मूळ जागेवरून लोलकाच्या टोकाकडे सरकलेलं असतं आणि कडांना रंगीत झालर असते. किरण सरळच आले असं आपण धरून चालतो, म्हणून हा भास होतो. पातेल्यातल्या पाण्यात पडलेलं नाणं वर आल्यासारखं दिसतं, तसंच हे. ही आभासी प्रतिमा.

मग न्यूटनच्या भिंतीवर काय उमटलं होतं?

१६७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्यूटनने खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडून सूर्यप्रकाश आत घेतला. लोलकातून गेल्यावर भिंतीवर गोल ठिपका दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. दिसला तो रुंदीच्या सुमारे पाचपट लांब रंगीत पट्टा. सूर्याची गोल प्रतिमा भोकामुळे पडत होती. लोलकाने प्रत्येक रंगाची प्रतिमा थोडी थोडी वेगळी सरकवली आणि त्यांचा पट्टा झाला.

प्रतिमा सरकवण्याचा हाच गुण माणसाच्या कामी येतो.

दोन डोळ्यांची नजर एका जागी जुळत नसेल, तर एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. पायऱ्या उतरणं, रस्ता ओलांडणं, कपात चहा ओतणं, सगळंच अवघड होतं. अशा काही रुग्णांना चष्म्यात लोलक बसवून दिला जातो. १ प्रिझम डायॉप्टरचा लोलक १ मीटर अंतरावर प्रकाशाला १ सेंटीमीटर सरकवतो. योग्य नंबर मिळाला की दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येतात आणि मेंदू त्यांची एकच प्रतिमा करतो. यामुळे मूळ आजार बरा होत नाही, पण रोजचं जगणं सोपं होतं. मात्र अचानक एकाचे दोन दिसू लागले, तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, आधी डॉक्टरांकडे जायला हवं. त्यामागे मेंदूचा किंवा नसांचा गंभीर आजारही असू शकतो.

थोडक्यात, लोलक पडद्यावर चित्र उमटवत नाही, तो चित्राची जागा बदलतो. आणि कधीकधी तेवढं सरकवणंच कुणाला तरी जग पुन्हा नीट दाखवतं!