व्यक्तिगत संबंधजाल

व्यक्तीचे आप्त, शेजारी, मित्र व सहकारी यांच्याशी असलेले संबंध आणि त्या मंडळींचे आपापसांतील संबंध मिळून तिचे व्यक्तिगत संबंधजाल बनते. नॉर्वेतील ब्रेम्नेस येथील वर्गव्यवस्थेच्या अभ्यासात जॉन बार्न्स या मानवशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ही संकल्पना वापरली. एलिझाबेथ बॉट यांनी लंडनमधील २० कुटुंबांची पाहणी करून (१९५७) असे दाखविले, की पतिपत्नींचे परिचित जेथे एकमेकांनाही ओळखतात, तेथे त्या दोघांची कामे व करमणूक वेगवेगळी राहते. अशी घट्ट जाळी मुख्यतः कामगारवर्गात आढळली. तथापि केवळ वर्गावरून ती ओळखता येत नाहीत, हा बॉट यांचा इशारा पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन या कामगारवस्तीत विवाहित मुलगी बहुधा आईच्या जवळपास राही. बाळंतपण, आजारपण, मुलांचा सांभाळ यांत आईचाच आधार असे. मायकेल यंग व पीटर विल्मट यांनी १९५७ मध्ये या नात्याचे तपशीलवार वर्णन केले. शहराबाहेरील नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांना अधिक चांगली घरे मिळाली, पण या स्थलांतराची झळ दोघांना सारखी बसली नाही. अनेक पुरुष नोकरीसाठी जुन्या भागात जात व आप्तांना भेटत. स्त्रियांना मात्र बसभाडे व लहान मुले यांमुळे आईची रोजची भेट दुरावली.