कळलावी: कळ नेमकी कोणती?

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या रानात आणि शेताच्या कुंपणांवर कळलावी फुलते. सहा पाकळ्या, सगळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पानाचं टोकच लांबून शेजारच्या काटकीला विळखा घालतं आणि त्या आधाराने वेल वर चढते. संस्कृतातलं ‘अग्निशिखा’ हे नाव फुलावरून आलं, ‘लांगली’ हे नांगरासारख्या वाकड्या कंदावरून. मराठीने रूप सोडून तिच्या करणीवर बोट ठेवलं.

पण कोणत्या? अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून हा कंद उगाळून अंगाला लावायची जुनी रीत होती. दुसरीकडे, ही वेल घरात आणली की भांडणं लागतात असा समज; कळ लावणारे नारद काय कमी असतात? हा समज नावावरून मागाहून चिकटला म्हणावं, तर संस्कृतात ‘कलिकारी’, म्हणजे भांडण लावणारी, हेही नाव आहेच. तरी मराठी नावापुरता माझा कौल सुईणीला.

कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी ते १८२० मध्ये या वेलीच्या युरोपीय नातलगातून, कोल्चिकममधून, वेगळं केलं. पेशी विभागताना आत सूक्ष्मनलिका उभ्या राहतात आणि गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढतात. कोल्चिसिन या नलिकांच्या प्रथिनालाच चिकटतं. नलिका बांधल्या जात नाहीत, विभाजन अर्ध्यावर अडतं. म्हणून सतत विभागणाऱ्या पेशी आधी बळी पडतात. कंद पोटात गेला की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, कारण आतड्याचं अस्तर उखडतं. मग अस्थिमज्जा थंडावते, रक्तपेशी घटतात. वाचलेल्या रोग्याचे आठवड्या-दोन आठवड्यांनी केस झडतात. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. त्यामुळे आजीबाईच्या बटव्यातलं औषध म्हणून याच्या वाटेला कुणी जाऊ नये.

हेच कोल्चिसिन, अगदी मोजक्या मात्रेत, गाउटमध्ये सुजलेल्या सांध्याची कळ शमवतं. त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते. कळलावीचं फूल त्या राज्याचं राज्यफूलही आहे. या शेतीची मेख फुलातच आहे. परागकण जिथे पडायला हवेत त्या कुक्षीची दांडी बुडाशीच काटकोनात बाजूला वळलेली, पुंकेसरांपासून दूर. आपसूक बी धरतं ते थोडंच. मग फुलोऱ्याच्या दिवसांत शेतकरी सकाळी ओळीओळीने फिरून फुलाफुलाला हाताने पराग लावतात.