मुख उघडलं, मासा वाढला. पण वाळू कुठे गेली?



मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. पोकलेननं वाळूचा दांडा फोडला आणि सरोवराचं तुंबलेलं पाणी धो धो समुद्रात निघालं. खाली बऱ्याच जणांनी लिहिलं, "एवढं सोपं काम, दरवर्षी का करत नाहीत?" आपण उटनूरकडचे, तलावात आणि कडेमच्या पाण्यात जाळं टाकणारे. समुद्र लांब आहे. पण कडेम गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. पाण्याबरोबर आपल्याकडची वाळूही तिकडेच जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फायदा, कारण तो खरा आहे. ओडिशातलं चिल्का सरोवर गाळानं भरत चाललं होतं. समुद्राकडे जाणारी वाट लांब आणि उथळ झाली, खारं पाणी आत येईना, पाणवनस्पती माजली, मासळी घटली. सप्टेंबर 2000 मध्ये सातपाड्याजवळ वाळूची पट्टी कापून नवीन मुख उघडलं. 1999-2000 साली मासळी सुमारे 1,700 टन होती, ती 2001-02 मध्ये सुमारे 12,000 टनांवर गेली. कोळंबी, खेकडा परत आला. धोक्यातल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत चिल्काचं नाव 1993 पासून होतं, ते 2002 मध्ये निघालं. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या, हे कुणी नाकारू नये.

आता दुसरी बाजू. किनाऱ्यावरची वाळू एका जागी बसून नसते. लाट तिरपी येते, वाळू थोडी पुढे ढकलते, परत फिरते, पुन्हा ढकलते. ओडिशाच्या किनाऱ्यावर ही वाळू वर्षभराचा हिशेब धरला तर दक्षिणेकडून उत्तरेकडे चालते, आणि तीही लाखो घनमीटर. पाण्याखालची नदीच समजा. या नदीच्या वाटेत तुम्ही मुख उघडलं की ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतं आणि चालती वाळू खोल पाण्याकडे ढकलतं. भरतीला काही वाळू आत सरोवरात शिरते. मुखाबाहेर वाळूचा उंबरा तयार होतो. तो भरेपर्यंत पलीकडच्या गावाच्या किनाऱ्याला वाळू मिळत नाही, आणि लाटा मात्र रोजच्या रोज येतातच. किनारा खचतो.

मुख तरी एका जागी कुठे थांबतं? दक्षिणेची कड वाळूनं वाढते, उत्तरेची कापली जाते, म्हणजे मुख चालायला लागतं. चिल्काचं नवीन मुख उत्तरेकडे सरकत गेलं, आणि 2008 मध्ये गबकुंडाजवळ समुद्रानं आपणहून आणखी एक मुख फोडलं. मुख सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगडी बांध घातले तर बोटींना वाट पक्की मिळते. पण अलीकडच्या बाजूला वाळू साचते आणि पलीकडची पुळण उपाशी राहते, ती कायमची.

आपल्या मराठी मुलखात असं मोठं सरोवर नाही, पण खाडीच्या मुखाची हीच गत आहे. मालवण तालुक्यातलं देवबाग बघा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर गाव. टोकाला मुख, मुखात वाळूची बेटं, पलीकडे भोगवे. पावसाळ्यात तिथली माणसं दोन्हीकडच्या पाण्यावर नजर ठेवून झोपतात. दगडांचे बंधारे घातले तरी धूप थांबलेली नाही. मुखातला गाळ किती काढायचा, कुठून काढायचा, हा तिथे घर राहील की जाईल असा प्रश्न आहे. नुसत्या होडीच्या वाटेपुरता तो नाही.

केरळात थोट्टप्पळ्ळीला कुट्टनाडची भातशेती पुरात बुडू नये म्हणून पावसाळ्यात मुखावरची वाळू कापतात. त्याला फार कुणाचा विरोध नाही. 2020 पासून भांडण पेटलं ते काढलेली वाळू ट्रकनं बाहेर न्यायला लागल्यावर. त्या वाळूत महागडी खनिजं आहेत. मच्छीमार म्हणतात, ही किनाऱ्याची वाळू, ती नेली तर आमची घरं समुद्रात जातील. माझ्या मते त्यांचं म्हणणं रास्त आहे. मुख उघडायचं असेल तर निघालेली वाळू पलीकडच्या खचणाऱ्या पुळणीवर टाकावी, म्हणजे चालती वाळू तिच्या वाटेला लागते. जगात अनेक बंदरांवर असं करतात. खर्च येतो, आणि एकदा करून भागत नाही, वरचेवर करावं लागतं. म्हणूनच अंदाजपत्रकात मुख उघडण्याचा आकडा मोठा दिसतो आणि वाळू पलीकडे टाकण्याचा आकडा सापडत नाही.

आपल्या तलावाचा सांडवा रुंद केला की खालच्या शेताचा बांध फुटतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. खालच्या शेतकऱ्याला आपण आधी विचारतो. समुद्रावर खालचं शेत डोळ्यांना दिसत नाही एवढाच फरक. ते दोन-चार गावं सोडून असतं, आणि तिथला मच्छीमार दुसऱ्या संस्थेचा सभासद असतो.

ज्यांना बघायचंय त्यांनी मोबाईलवर गूगल अर्थ उघडा, सातपाडा शोधा, आणि जुन्या वर्षांचे फोटो मागे-पुढे करा. मुख सरकताना दिसतं.