खत घातलंत तर दवबिंदू जगणार नाही

कुंडीतलं झाड मरगळलं की हात आपसूक खताच्या डब्याकडे जातो. दवबिंदू या कीटकभक्षी झाडाच्या बाबतीत तो तिथेच आवरायचा. मूठभर शेणखतही त्याचा जीव घ्यायला पुरेसं असतं.

पावसाळ्यात कास पठारावर नीट खाली वाकून पाहिलं, तर दोन दवबिंदू दिसतात. एक उभा, दोऱ्यासारख्या पानांचा गवती दवबिंदू. दुसरा जमिनीला चिकटून लालसर चकती करणारा. जांभ्यावरच्या त्या पातळ मातीतलं नत्र आणि स्फुरद पावसाने कधीच धुऊन नेलेलं असतं. त्याची वसुली दवबिंदू किड्यांकडून करतो. साखर तो इतर झाडांसारखी उन्हातच बनवतो. किडा हे त्याचं जेवण नव्हे, खत आहे. मुळं मात्र रोडकी आणि क्षारांची सवय नसलेली, म्हणून मातीतलं खत त्यांना सोसत नाही.

कासची रोपं उपटून आणू नयेत. शिवाय ती एका हंगामाचीच असतात. घरासाठी दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला ‘ड्रोसेरा कॅपेन्सिस’ हा दवबिंदू बरा. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि नवशिक्याला सांभाळून घेतो.

त्याच्या पट्टीसारख्या पानावर लाल केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाच्या ग्रंथीवर चिकट थेंब. चिलट त्यावर बसतं, सुटायला धडपडतं आणि शेजारच्या थेंबांतही अडकतं. त्या धडपडीने केसांतून विजेचे सूक्ष्म संदेश जातात, बाजूचे केस वाकू लागतात. काही तासांत पानच किड्याभोवती वळतं. इथे एक गंमत आहे. अळी पान कुरतडू लागली की इतर झाडं जास्मोनेट नावाची संप्रेरकं वाढवून बचावाला लागतात. दवबिंदू त्याच संप्रेरकांच्या इशाऱ्यावर पाचकरस सोडतो. काही दिवसांनी उरतं ते पोकळ टरफल. चार्ल्स डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात दवबिंदूचे प्रयोग पानोपानी आहेत. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहून हलका, माणसाच्या केसाचा तुकडा ठेवला तरी त्या ग्रंथी जाग्या होत. पावसाच्या थेंबांकडे मात्र त्या ढुंकूनही पाहत नसत.

घरी खरी परीक्षा पाण्याची. बोअरचं पाणी वर्ज्य, नळाचंही बहुतेक ठिकाणी चालत नाही. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, पन्नास पीपीएमच्या आत हवा. घरचं आरओ यंत्र चवीसाठी काही क्षार परत मिसळत असतं, तेव्हा टीडीएस मीटर बुडवून खात्री करावी. सगळ्यात उत्तम गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी. कुंडी तबकात ठेवून तबकात बोटाच्या पेराएवढं पाणी कायम असू द्यावं. हे रोप डास खाणारं म्हणून विकलं जातं. पण तबकातलं पाणी आठवडाभर बदललं नाही, तर ते खाईल त्याहून जास्त डास तिथेच जन्माला येतील.

माती म्हणून पीट मॉस आणि परलाइट निम्मं-निम्मं. कोकोपीटमध्ये क्षार असतात, वापरायचंच तर अनेकदा धुऊन. ऊन भरपूर हवं, सकाळचं उत्तम. कमी पडलं की पानं हिरवी, लांबुडकी होतात आणि थेंब आटतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी मात्र सावलीची जाळी लागेलच. नव्या घरी आल्यावर आठवडा-दोन आठवडे थेंब नसले तरी घाबरू नये.

बाल्कनीत तो आपली शिकार आपण करतो. बंद खोलीत माशांच्या खाद्याचा ओला कण महिन्यातून एखाद्या पानावर ठेवला तरी भागतं. मटण किंवा पनीर ठेवलं तर पान सडतं.

गुलाबी फुलं येतात, ती एकेक करून उमलतात आणि बहुधा स्वतःच फळतात. धुळीसारखं बारीक बी ओल्या पीटवर नुसतं शिंपडायचं, वरून माती टाकायची नाही, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. बी आपोआप सांडू दिलं, तर पुढच्या हंगामात शेजारच्या ओल्या कुंड्यांतही दवबिंदूच उगवतील.