काळ्या पडद्याचा पंचनामा

मुंबईहून गोव्याकडे निघालेला रस्ता पेण ओलांडून वडखळच्या नाक्यावर येतो आणि तेथे त्याला फाटा फुटून एक शाखा धरमतरच्या खाडीवरून अलिबागला व दुसरी नागोठण्याच्या दिशेने दक्षिणेस महाडकडे जाते, हे त्या मुलखातील शाळकरी पोरासही ठाऊक असते. परंतु अलिबागच्या फाट्यावर उभा राहून महाडच्या एस.टी.ची वाट पाहणारा प्रवासी, गाडी दिसली नाही एवढ्यावरून ती आगारातून सुटलीच नाही असा निष्कर्ष काढू लागला, तर त्याच्या तर्कबुद्धीविषयी आपण जे म्हणू, तेच गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याविषयी, आणि खरे सांगायचे तर माझ्याविषयीही, म्हणण्याची वेळ आली होती.

भाच्याचा त्या नाक्यानजीक लग्नाच्या चित्रफिती जुळवण्याचा लहानसा स्टुडिओ आहे. त्याच्या दहा-बारा वर्षांच्या वृद्ध संगणकाला नव्या कॅमेऱ्यांचे चित्रण पेलवेना, म्हणून त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (ज्याचे भडकमकर मार्ग हे दप्तरी नाव पत्त्यापुरतेच उरले आहे) एक वापरलेले परंतु बरेच समर्थ ग्राफिक्स कार्ड आणले. ते बसवून बटण दाबताच पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा मात्र अमावास्येसारखा काळा राहिला. “मामा, मेलेलं कार्ड गळ्यात मारलं त्यानं!” भाच्याने तपासाआधीच निकाल जाहीर केला.

वस्तुतः ‘डिस्प्ले येत नाही’ ही फिर्याद एवढेच सांगते की चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही; यंत्र मेले आहे असे ती सांगत नाही. ग्राफिक्स कार्डाचे काम प्रोसेसरच्या हिशेबातून लक्षावधी ठिपक्यांचे चित्र घडवून ते मॉनिटरकडे रवाना करण्याचे. आणि संगणकाला आपले दुखणे सांगण्याचा मुख्य मार्ग नेमका तोच असल्यामुळे, तो मार्ग तुटला की यंत्र मुक्या साक्षीदारासारखे समोर बसून राहते. अशा वेळी अन्य साक्षीदार शोधावे लागतात. कीबोर्डवरील कॅप्स लॉकचे बटण दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो काय हे पाहावे. लागत असेल, तर आत बहुधा कोणीतरी जागे आहे. मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर त्याच्या शिट्ट्या ऐकाव्यात: ॲवॉर्ड बायॉसच्या जुन्या बोर्डांवर एक लांब व दोन आखूड शिट्ट्या म्हणजे चित्राच्या खात्यातील तक्रार. आमचा दिवा लागत होता.

दुसरा प्रश्न अंधार केव्हा होतो, हा. आरंभीची अक्षरे दिसून विंडोज सुरू होताना पडदा काळवंडत असेल, तर दोष कार्डात नसून बहुधा जुन्या ड्रायव्हरच्या अवशेषांत असतो, आणि सेफ मोडमध्ये जाऊन त्यांना बेदखल केल्यावर काम भागते. आमच्याकडे मात्र पहिल्या क्षणापासून काळोख होता. म्हणून प्लग काढून जुने कार्ड पूर्ववत बसवले, तो चित्र हजर! कोणताही नवा उपाय करण्यापूर्वी जुनी वहिवाट चालू होते की नाही हे पाहून घ्यावे, कारण तेवढ्याने मॉनिटर, मेमरी व मदरबोर्ड एका दमात संशयमुक्त होतात.

मग विजेची चौकशी. मदरबोर्डावरील पीसीआय एक्सप्रेसची लांब खाच कार्डाला फार तर ७५ वॅट देते. त्याहून अधिक भूक असणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, स्वतंत्र तार द्यावी लागते, सहा पिनांची ७५ वॅटची वा आठ पिनांची १५० वॅटची. प्रोसेसरची आठ पिनांची तार हिच्यासारखीच दिसते, पण तिच्यातील धन व भूमीच्या तारांची मांडणी उलटी असल्यामुळे ती बळाने दडपणे म्हणजे कार्डाचा प्रत्यक्ष घात. एसएमपीएसवरील ठळक आकड्यावरही भाळू नये. त्याच्या लेबलावर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे, कारण १२० वॅटचे कार्ड तेथून सुमारे १० अँपिअर ओढते आणि प्रोसेसरचा वाटा वेगळाच. आमच्या लेबलावर ३० होते. तार योग्य होती. वीज निर्दोष सुटली.

त्या नाक्याभोवतीच्या खारेपाटातील दमट, खारट हवेला मग थोडा दोष देऊन झाला. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसण्याचा आमच्याकडील कारागिरांचा परिपाठ हास्यास्पद नाही, त्याने गुण येतोही. मात्र तो रोग ओळखण्यापूर्वीच दिलेला काढा आहे. पुढे भाच्याने मदरबोर्डावरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी काही मिनिटे काढून बायॉसच्या नोंदीही मूळपदावर आणल्या. जुना बायॉस व नवे कार्ड, किंवा नवी यूईएफआय व्यवस्था व जुने कार्ड, यांची भाषा जुळली नाही तरी असाच काळोख पडतो, म्हणून हा प्रयोग अगदीच व्यर्थ नव्हता. काळोख ढळला नाही.

अखेरीस मी संगणकाची पाठ फिरवून पाहिली. मॉनिटर जुना, त्याची निळ्या टोकाची, पंधरा पिनांची व्हीजीए तार. आणि नव्या कार्डावर त्या तारेला जागाच नव्हती! भाच्याने ती जेथे बसली तेथे, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या मुखात लावली होती, आणि कार्ड बसवताच ते मुख बोर्डाने आपोआप बंद केले होते. अलिबागच्या फाट्यावरचा महाडचा प्रवासी तो हाच.

मग खणातून डीव्हीआयचे व्हीजीए करणारा एक तुकडा निघाला, पण तो कार्डात शिरेना. आडव्या चपट्या पिनेभोवतीच्या चार बारीक पिना अडत होत्या, आणि भाचा त्या पकडीने मोडण्याच्या विचारात होता. मी त्याचा हात धरला. व्हीजीए ही आयबीएमची १९८७ मधील प्रणाली अनालॉग, म्हणजे चढउताराच्या विद्युद्दाबाने रंग कळवणारी. कार्डावरील डीव्हीआयच्या मुखात त्या चार छिद्रांतूनच हा अनालॉग संकेत येत असे. २०१३ पासून एएमडीच्या व २०१६ पासून एनव्हिडियाच्या वरच्या श्रेणीतील नव्या कार्डांनी ती सोय काढून टाकली, तेव्हा छिद्रे नाहीत याचा अर्थ संकेतच नाही. पिना मोडून तुकडा बसला असता, चित्र आले नसते. आता हवा होता तो आत चिप असलेला, डिजिटल संकेताचे अनालॉगमध्ये भाषांतर करणारा एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर, जो दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजारात किरकोळ किमतीत मिळाला.

तो लावला आणि पडदा उजळला. त्यावर पहिली अक्षरे उमटली ती तक्रारीची: तारीख व वेळ चुकीची आहे, एफ १ दाबा. बॅटरी काढल्यामुळे संगणक आपल्या जन्मवर्षात, १ जानेवारी २०१२ ला, जाऊन बसला होता. भाच्याने तारीख दुरुस्त केली, आणि मी नाक्यावर जाऊन, पाटी दोनदा वाचून, एस.टी.त बसलो.